बाकाचं धोरण

सहासष्टाव्या वर्षी मी इंटर्न झाले. हा शब्द ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. संस्थेतलं निम्मं काम जो करतो आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर, 'यांचेही आभार' या ओळीत ज्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात येतं, तो इंटर्न. माझं तिथेही आलं नाही. जागा पुरली नाही म्हणाले.

मुळात मला इंटर्न व्हायचंच नव्हतं. मला एक बाक हवं होतं. लाकडाचं, लोखंडाचं, सिमेंटचं, कसलंही. पाठ नसती तरी चाललं असतं. एक माणूस दोन मिनिटं टेकेल एवढी वस्तू, चढाच्या मध्यावर. त्यासाठी मी अकरा महिने धोरण लिहिलं.

आमचं घर चढाच्या पायथ्याशी आणि वाचनालय माथ्यावर. आमचे हे भूमितीचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी नऊला वाचनालयात जायचे. तिथे त्यांचे एक मित्र येत, घड्याळं दुरुस्त करणारे. आम्ही त्यांना घड्याळजी म्हणायचो. दोघं मिळून एकच वर्तमानपत्र वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक बातमीवर भांडायचे. साडेअकराला हे परत यायचे ते असे टवटवीत होऊन, की जणू भांडण म्हणजे टॉनिक. मग गुडघे गेले. आधी उजवा, मग त्याच्या सोबतीला डावा. घरापासून वाचनालयापर्यंत चारशे बारा पावलं होतात, ही यांचीच मोजणी. दोनशेपर्यंत ते कसेबसे जात. तिथे जरा बसले की पुढची दोनशे बारा जमायची. पण बसायला तिथे काहीही नव्हतं.

पूर्वी होतं. चढाच्या बरोबर मध्यावर बर्फाचा कारखाना होता आणि त्याला रस्त्याच्या कडेने बुटकी भिंत होती, गुडघ्याच्या वर चार बोटं, बसून बसून गुळगुळीत झालेली, भर उन्हाळ्यातही गार. अर्धं गाव त्या भिंतीवर बसून गेलं असेल. मुलाच्या वेळी मला नववा लागला होता तेव्हा मी तिच्यावर रोज बसायची, आणि कारखान्याचा मुकादम आतून बर्फाचा खडा रुमालात बांधून आणून द्यायचा, एक अक्षर न बोलता. त्या काळात त्या भिंतीला कुणी सार्वजनिक सुविधा म्हणत नव्हतं. ती भिंत होती. पुढे कारखाना पाडला, तिथे फरशांचं चकचकीत दुकान आलं, आणि दुकानाच्या पायरीवर कुणी टेकू नये म्हणून मालकाने टोकदार लोखंडी खिळे बसवून घेतले. बसण्याच्या जागेवर त्या दुकानदाराइतका विचार पुढे मी कुठल्याच तज्ज्ञाला करताना पाहिलं नाही.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. "मास्तर, दुखतं म्हणून चालणं सोडलंत तर वर्षभरात पलंग धराल. आणि पलंग धरलेला माणूस मला परत उठवता येत नाही."

यांनी चालणं सोडलं. सोडलं म्हणजे सुटलं. तीन महिने घरात. भूमितीचा माणूस घरात काय करणार? त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे मीठ आणि कपडे धुण्याची पावडर शेजारीशेजारी आली. दूध किती मिनिटांत उतू जातं याची ते वहीत नोंद करत, आणि नोंद करताकरता ते उतू जाई. हे सगळं मी सोसलं. पण एक दिवस त्यांनी दाढी केली नाही. नऊ वाजले, आणि त्यांनी घड्याळाकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी पदर खोचला.

नगरपालिकेत आधी उद्यान खात्यात गेले, कारण बाकं बागेत असतात. ते म्हणाले, बाक आमचं, पण रस्ता आमचा नाही. रस्ते खात्यात गेले. ते म्हणाले, रस्ता आमचा, पण रस्त्यावरची वस्तू म्हणजे अडथळा, आणि अडथळे काढणं आमच्याकडे, ठेवणं नाही. गुडघे आरोग्यात मोडतात म्हणून आरोग्य खात्यात गेले. तिथल्या बाईंनी मला सुई टोचली. कसली ते मी विचारलं नाही. रांगेत नंबर आला होता. पाचव्या खेपेला आवक-जावक खिडकीवरच्या कारकुनाला माझी दया आली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, बाई, बाक द्यायला कुणाची ना नाही हो, पण बाकाचं धोरणच नाही. धोरण आलं की बाक आलंच म्हणून समजा. धोरण कुठून येतं, मी विचारलं. ते एका अभ्यास संस्थेकडे करायला दिलंय, म्हणाला. शिंप्याकडे कापड दिल्यासारखं.

इमारतीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्या वर कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार राहायचे. जन्मभर दुसऱ्यांची भांडणं फायलीत लावून दिल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत कायद्याची फट दिसायची. शेजारच्या शिवणवालीचं मत होतं की मास्तरांना पाठीवर घेऊन जाईल असा एखादा धडधाकट माणूस ठेवावा. तळमजल्यावरचे म्हणाले, वाचनालयच खाली आणा. शिरस्तेदार मात्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन आले. त्या अभ्यास संस्थेला इंटर्न हवे होते. त्यांनी जाहिरातीवर बोट ठेवलं. वयाची अट, किमान एकवीस. कमाल लिहिलेलंच नाही. आणि लिहिलेलं नाही म्हणजे मना नाही, वहिनी. धोरण करणाऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा धोरण करणाऱ्या तुम्हीच व्हा.

मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. एका वेळी बारा माणसांना एकमेकांशी जोडून देत असे आणि स्वतः मध्ये एक शब्द बोलत नसे. या अनुभवासाठी अर्जात दीड ओळ होती.

संस्था दाताच्या दवाखान्याच्या वर होती. मुलाखतीला गेले तर दार उघडणाऱ्या चुणचुणीत बाईंनी मला पाहताक्षणी सांगितलं, काकू, दवाखाना खाली आहे. त्या संचालकबाई निघाल्या. वय चौतीस, पदव्या तीन. मीच उमेदवार आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. आमच्याकडे वयाची विविधता फार कमी पडते, म्हणाल्या. डाळीला मीठ कमी पडावं तशी मी त्यांना कमी पडत होते. मी लगेच रुजू झाले.

त्या कचेरीत नियम होता की सगळे समान, म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणायचं. पहिल्याच दिवशी संचालकबाई मला 'आजी, तू' म्हणाल्या आणि मी त्यांना 'अहो बाई' म्हणाले. नियम मोडला म्हणून मला सौम्य शब्दांत समज देण्यात आली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला कधी समज मिळाली नव्हती. घरी येऊन यांना सांगितलं तर हे तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले, म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

माझ्या शेजारच्या टेबलावर दुसरी इंटर्न, बावीस वर्षांची मुलगी. मी मनात तिचं नाव तक्ता ठेवलं होतं. फार गुणी पोर. मला संगणक तिनेच शिकवला, न चिडता. पण जगात जे जे आहे ते उभ्याआडव्या रेघांत मावलं पाहिजे असा तिचा हट्ट. मला सर्दी झाली तर सर्दीचाही तक्ता करील.

पहिले तीन आठवडे बाक म्हणजे काय हे ठरवण्यात गेले. मला वाटायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तसं नव्हतं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि त्यांवर मनात येईल ते लिहायचं. कुणी लिहिलं 'हक्क', कुणी 'सावली', कुणी 'बसणारा कोण?'. खालून दात कोरण्याचं यंत्र घूं घूं करत असे, आणि एखाद्याचा विचार खोल गेला की तो आवाज नेमका त्याच वेळी वर चढे. मी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'दोनशेसहावं पाऊल'. म्हणजे चढाचा मध्य; यांच्या मोजणीप्रमाणे. संचालकबाई त्या चिठ्ठीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. फार खोल आहे, म्हणाल्या, आणि ती भिंतीच्या मधोमध लावली. मी पत्ता लिहिला होता.

मग पाहणी सुरू झाली. संस्थेचा एकच देव, पुरावा. शहरातली आठ ठिकाणं निवडली, आणि मी हट्ट धरून आमचा चढ त्यात घालायला लावला. पाहणीची रीत अशी: इंटर्नने चार दिवस सकाळी आठ ते बारा त्या जागी उभं राहायचं आणि किती माणसं बसली ते छापील कागदावर लिहायचं. जिथे जास्त बसतील तिथे गरज जास्त. मी चार दिवस फरशांच्या दुकानासमोर उन्हात उभी राहिले. माणसं यायची, मध्यावर थांबायची, कमरेवर हात ठेवून धापा टाकायची, खिळ्यांकडे पाहायची आणि पुढे जायची. एक पोटुशी बाई दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. मी तिच्याशी बोलले. पण बोलणं कुठल्या रकान्यात बसेना. चार दिवसांची बेरीज झाली शून्य. बागेतल्या बाकांवर मात्र दिवसाला दीडशे माणसं बसत होती. तक्त्यात स्पष्ट दिसत होतं की बाकांची खरी गरज बागेत आहे, जिथे बाकं आहेत.

मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, अहो बाई, आडात पाणी नाही म्हणून कुणी प्यायलं नाही, तर माणसांना तहान नाही असं लिहायचं का? संचालकबाईंना वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्या प्रकरणाच्या माथ्यावर घालायचं ठरवलं. पण शून्य तिथेच राहिलं.

"आजी, तू म्हणतेस ते मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण पटणं हा पुरावा नाही."

त्या मनापासून बोलत होत्या. वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं.

पाहणीची दुसरी फेरी दोन आठवड्यांनी होती. मी घरी येऊन जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यांकडे पाहत बसले. चार खुर्च्या; दोन आमच्या, एक पाहुण्यांची, एक मुलाची. मुलगा परदेशात, तो तीन वर्षांत बसला नव्हता. वेताची बैठक, दोन्ही बाजूंना हात, लग्नानंतर पहिली घेतलेली वस्तू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शिवणवालीने ती उचलली आणि दोनशेसहाव्या पावलाला, खांबाच्या आडोशाला नेऊन ठेवली. शिवणवालीने मला रस्ताभर ऐकवलं की चांगल्या घरच्या बायका फर्निचर घेऊन हिंडत नाहीत.

पहिल्या दिवशी तिच्यावर त्रेचाळीस माणसं बसली. टपालवाला बसला. मागच्या फेरीसारखीच एक पोटुशी बाई बसली, बहुधा तीच. एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला बसले आणि त्यांच्या भावाशी चाललेला सगळा दावा मला सांगून गेले. दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, चला. हे नाही म्हणाले. मी म्हटलं, खुर्ची आपली आहे, तुम्ही नाही बसलात तर बाकीच्यांच्या बुडाखाली झिजून जाईल. हे कारण त्यांना पटलं. दोनशेसहाव्या पावलाला ते आपल्याच खुर्चीत बसले, दोन मिनिटं झाली, तीन झाली, मग हातांवर भार देऊन उठले आणि वर गेले. मी खालूनच पाहत राहिले. वाचनालयाच्या दारात घड्याळजी उभे होते. त्यांनी यांना पाहिलं आणि, हे घरी येऊन यांनीच सांगितलं, पहिलं वाक्य काय बोलले तर, उशीर झाला. चार महिने.

त्यापुढचे काही महिने मी विसरणार नाही. हे रोज जात. दाढी रोज होत होती. मीठ आपल्या जागी परत आलं. शिवणवालीने मागचं सगळं विसरून एक स्टूल आणून ठेवलं. शिरस्तेदारांनी आपली घडीची खुर्ची दिली आणि खांबाला पाटी लावली, 'पाच मिनिटांहून अधिक बसू नये. हुकमावरून'. कुणाचा हुकूम ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे सगळे पाळत. दुसऱ्या फेरीत चढाची बेरीज आली सहाशे बारा. बागेच्या तोंडात मारेल अशी. मी तो कागद संस्थेत नेताना दवाखान्याच्या पायऱ्या दोन दोन करून चढले.

तक्ता आठ दिवस रकाने भरत होती. नवव्या दिवशी रंग दिले. जिथे बाक तातडीने हवं ती जागा तांबडी, जिथे काही करायची गरज नाही ती हिरवी. आमचा चढ हिरवा होता. मी तिला म्हटलं, पोरी, रंग चुकलाय. तिने मला रांग दाखवली. 'बसण्याची सोय: आहे. वापर: उत्तम.' तिच्या हिशेबात काहीच चूक नव्हती. शून्य होतं तेव्हा गरज नव्हती, आणि आता गरज भागलेली होती. मधल्या कुठल्या क्षणी मी बाक मागायला हवं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

इथवर झालं असतं तरी मी डोकं आपटून घेऊन गप्प बसले असते. पण संचालकबाई स्वतः चढावर जाऊन आल्या आणि परत आल्या त्या भारावून. लोकांनी लोकांसाठी केलेली सोय! नगरपालिकेने जिथे काही केलं नाही तिथे नागरिक पुढे आले. यावर अख्खं चौथं प्रकरण झालं. एकसष्टाव्या पानावर चौकटीत आमच्या खुर्चीचा फोटो, खुर्चीत हे. खासगीपणा जपायला यांचा चेहरा पुसट केलेला, खुर्ची मात्र स्वच्छ. आणि मुख्य शिफारस अशी की नगरपालिकेने बाकं बसवत बसण्याऐवजी नागरिकांना आपापली आसनं आणायला उत्तेजन द्यावं.

मी हरकत घेतली. सव्वा पान लिहून दिली. तिचा आधी एक परिच्छेद झाला, मग तळटीप झाली. मग पानं मर्यादेबाहेर जातात म्हणून तळटिपा निम्म्या कराव्या लागल्या, आणि माझी दुसऱ्या निम्म्यात होती.

याच सुमारास शिरस्तेदारांना खुर्च्या चोरीला जाण्याची भीती वाटू लागली. त्यांनी सायकलची साखळी आणून तिन्ही आसनं खांबाला बांधली आणि कुलूप लावलं. चौथ्या दिवशी अतिक्रमण विभागाची गाडी आली आणि साखळी तोडून सगळं घेऊन गेली. हे तेव्हा वर वाचनालयात होते. उतरताना मध्यावर आले तर खुर्ची नाही. टपालवाल्याने त्यांना धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तेव्हा हे म्हणाले, आज नको. मला तो शब्द ओळखीचा होता.

मी विभागाच्या गोदामात गेले. अधिकारी सभ्य होते. त्यांनी समजावलं की सुटी वस्तू असती तर बेवारस म्हणून पंधरा दिवस कानाडोळा केला असता, पण साखळीने बांधली की ते पक्कं बांधकाम झालं. बरं, म्हटलं, चुकलं, खुर्ची परत द्या. तुमची कशावरून? पावती दाखवा. एकेचाळीस वर्षांपूर्वीची पावती. मग माझ्या डोक्यात, कशी कोण जाणे, हुशारी आली. पिशवीत अहवालाचा कच्चा खर्डा होता. एकसष्टावं पान उघडून पुढे केलं. हा बघा फोटो, ही खुर्ची, हे माझे यजमान. अधिकाऱ्यांनी फोटोखालच्या ओळीवर बोट फिरवत मोठ्याने वाचलं, 'लोकांनी लोकांसाठी ठेवलेली खुर्ची.' मग हळूच पान मिटून माझ्या हातात दिलं. म्हणजे बाई, तुमची नाही. आणि चेहरा तर दिसतच नाही.

ती ओळ मीच टंकली होती.

त्यानंतर दोन महिने हे घरात. डबे पुन्हा उंचीवर गेले. उठताना भिंत धरायला लागले, आणि मी डॉक्टरांकडे जायचं टाळू लागले, कारण ते काय विचारणार ते ठाऊक होतं. अहवालाचं प्रकाशन चढाच्या माथ्यावरच्या सभागृहात ठरलं. निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, 'आसने मर्यादित'. मला जायचं नव्हतं. यांनाच फोटो पाहायचा होता. गाडी करून वर गेलो.

सभागृहात तीनशे गादीच्या खुर्च्या होत्या. निम्म्या रिकाम्या. हे एकीवर बसले आणि डोळे मिटून घेतले. व्यासपीठावर तीन जण बोलले. प्रत्येकाने वेळेअभावी थोडक्यात सांगतो म्हणून सुरुवात केली. शेवटी संचालकबाईंनी फोटोतल्या आजोबांना दोन शब्द बोलायची विनंती केली. हे उभे राहिले, म्हणजे मी उभं केलं. ध्वनिक्षेपक तोंडापाशी आला.

"मला रोज वर यायचं असतं," हे म्हणाले. "आज गाडी करून आलो. उद्या कसा येऊ तेवढं सांगा."

जोरात टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, असे प्रश्नच आपल्याला पुढच्या कामाची प्रेरणा देतात. संचालकबाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढे कळलं की त्या प्रश्नावर स्वतंत्र अभ्यास मंजूर झाला, दोन वर्षांचा. निघताना तक्ता माझ्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते. आजी, म्हणाली, माझ्याकडे 'खुर्ची कुणाची' असा रकानाच नव्हता गं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार? मला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर शिक्का तिरका होता.

गाडीवाला थांबला नव्हता. पाहुण्यांच्या गाड्या एकेक करून आमच्या शेजारून निघून गेल्या, हात हलवत. आम्ही पायी उतरू लागलो. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट, हे कुठल्याच प्रकरणात नव्हतं. मध्यावर यांचे पाय थरथरायला लागले. खांब दुसऱ्या कडेला, इकडे खिळे. मी त्यांच्या पुढे होते, एक पाऊल खाली. त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाकले आणि सगळा भार सोडला. मी अठ्ठेचाळीस किलोची बाई. पाय रोवून उभी राहिले. जरा हलले असते तर दोघं घसरलो असतो.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. "हलू नकोस. कोन बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी नऊला त्यांनी दाढी केली होती. मी चपला घातल्या. दोनशेसहाव्या पावलाला हे उताराकडे तोंड करून वळले, मी त्यांच्या एक पाऊल खाली जाऊन पाठमोरी उभी राहिले, त्यांनी हात ठेवले. तीन मिनिटं. मग वर. साडेअकराला मी वाचनालयाच्या दाराशी हजर, आणि उतरताना पुन्हा तेच. खांदा दुखायला लागला की यांना सांगायची, ते हात चार बोटं सरकवायचे. पाऊस असला तर छत्री माझ्या हातात. असं आम्ही चार वर्षं आणि काही महिने केलं. मग हे गेले. तीन दिवसांचा ताप आला. पलंग धरला तो तेवढाच. आता मी पंच्याऐंशीची आहे. त्या चढावर अजून बाक नाही. संस्थेच्या कागदांत तो अजून हिरवाच असावा.

अगदी सुरुवातीच्या दिवसांत, बहुधा तिसऱ्याच सकाळी, आम्ही असे मध्यावर उभे होतो. शिरस्तेदार पिशवी घेऊन खालून वर येत होते. आम्हाला पाहून थांबले. एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग दुकानाकडे, रस्त्याकडे. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली.

"वहिनी," ते म्हणाले, "असं रोज एकाच जागी उभं राहायला परवानगी लागत असेल हो. मी बघून सांगतो."

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या पाया पडते. कुणाला विचारू नका."